खाजवू नकोस म्हणण्याआधी

दुखतंय म्हटलं की घर उठून बसतं. कुणी पाणी आणतं, कुणी बाम शोधतं, कुणी टॅक्सी बघायला खाली उतरतं. खाजतंय म्हटलं की तेच घर अंथरुणातूनच सांगतं, "खाजवू नकोस." आणि कूस बदलून झोपतं. हे मला मान्य नाही. का मान्य नाही ते सांगायला थोडं शरीरशास्त्र लागेल आणि थोडी मुंबईही लागेल.

माझी मावशी लालबागच्या एका जुन्या चाळीत राहते. महापालिकेच्या शाळेत शिकवायची. मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी केली आणि आता आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला जावं लागतं. जाड सुया, मोजून प्यायचं पाणी, पथ्यापायी ताटातून गेलेले पदार्थ, कशाबद्दलही तिनं कधी कुरकुर केली नाही. बोलली ती खाजेबद्दल, आणि तेही फार उशिरा. पाठ, दंड, पोटऱ्या. रात्री सगळं एकदम सुरू व्हायचं. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही. "वर काहीच नाही गं, आत खाजतंय," असं ती सांगायची. वर काही नव्हतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. उष्णता झाली असेल, रक्त बिघडलं असेल, साबण बदल, कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ कर, असे सल्ले गॅलरीभर मिळाले. एका शेजारणीनं आवाज खाली आणून विचारलं, "लागण होणारं नाही ना काही?" त्या दिवसापासून मावशीनं संध्याकाळी गॅलरीत बसणं सोडलं.

तिच्यासारखे किती असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुष्कळ आहेत. बारा देशांमधल्या अठरा हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या ४२ टक्के लोकांना मध्यम ते अतितीव्र खाज होती. ज्यांना ती जास्त, त्यांची झोप वाईट आणि मन खचलेलं. २०१७ साली त्याच मोठ्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला जास्त लागली. खाजेनं जवळजवळ सतत हैराण असलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांनी ती दवाखान्यातल्या कुणालाही सांगितली नव्हती. डॉक्टरला नाही, नर्सलाही नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास वैद्यकीय माणसांच्या नजरेसमोर झोपलेली ही माणसं! विचारलं कुणी नाही, आणि खाजेसारखी क्षुल्लक गोष्ट आपण होऊन काढायची कशी, हा संकोच.

क्षुल्लक ती पहिल्यापासूनच ठरलेली आहे. सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्यानं १६६० मध्ये खाजेची व्याख्या केली: खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना. व्याख्या अजून चालते, पण तिच्यापुढे कुणी फारसं सरकलं नाही. त्यानंतर कितीतरी काळ वैद्यकाची समजूत अशी होती की खाज म्हणजे सौम्य वेदना. त्याच नसा मंद आवाजात बोलल्या की खाज, मोठ्यानं बोलल्या की दुखणं. ही समजूत मोडायला १९९७ उजाडलं. मार्टिन श्मेल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या त्वचेत अशा बारीक नसा सापडल्या, ज्या खाज आणणाऱ्या हिस्टामिनला जोरात प्रतिसाद देत होत्या आणि टोचण्या-दाबण्याकडे लक्षच देत नव्हत्या. या नसा कमालीच्या सावकाश चालतात. सेकंदाला साधारण अर्धा मीटर. घोट्याला सुरू झालेली खाज कण्यापर्यंत पोचायला दोनेक सेकंद जातात. पुढे २००७ मध्ये झोउ-फेंग चेन यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या मज्जारज्जूत एक ग्राहक, म्हणजे पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन, दाखवून दिला. त्याचं लघुनाव जीआरपीआर. तो नसलेले उंदीर खाज फारच कमी दाखवत, वेदना मात्र त्यांना इतर उंदरांसारखीच होई.

म्हणजे खाजेची वाट वेगळी आहे. ती त्वचेत सुरू होते, मज्जारज्जूत बदलते आणि मेंदूत जाणवते. या वाटेवर कुठेही बिघाड झाला तरी खाज सुटते. त्वचा निर्दोष असून नस चेपली असेल, रक्तात काही साठलं असेल, मेंदूला पोचणारे संदेश आवरणारी यंत्रणा ढिली पडली असेल, तरीही. मावशीचं "आत खाजतंय" हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं.

सहा आठवड्यांहून जास्त टिकली तर तिला दीर्घकालीन खाज म्हणतात. ही मर्यादा मी मुद्दाम सांगते आहे. डास चावला, नवा स्वेटर टोचला, घामोळं आलं, ते सगळं तोवर निघून जातं. सहा आठवड्यांनंतरही जी राहते तिचं कारण शोधावं लागतं.

आपल्या घरांमध्ये कारण शोधण्याआधी गोळी येते. अंगावर पित्त उठलं की आजी आमसूल भिजवून चोळायची, आता सेट्रिझिन किंवा अ‍ॅव्हिल. पित्ताला ती गोळी लागू पडते, कारण तिथे दोषी हिस्टामिनच असतं. त्वचेतल्या मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडतं, गांध उठते, खाजते. गोळी हिस्टामिनचा ग्राहक अडवते, गांध बसते. यावरून आपण ठरवून टाकलं की सगळी खाज हिस्टामिनची.

कोकणात ज्यांचं बालपण गेलं आहे त्यांना याचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. खाजकुइली! त्या वेलीच्या शेंगांवरची सोनेरी लव हाताला लागली की माणूस वेडापिसा होतो. शेण लावा, राख लावा, काही चालत नाही. शास्त्रज्ञांनी हीच लव प्रयोगशाळेत नेली. १९५० च्या दशकात त्यातलं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) वेगळं काढण्यात आलं आणि त्याला म्युक्युनेन हे नाव मिळालं. ते विकर नसांवरच्या आणि त्वचेच्या पेशींवरच्या पीएआर नावाच्या ग्राहकांना थेट चाळवतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. हिस्टामिनचा इथे संबंध येत नाही. खाजकुइलीची खाज वेगळ्या नसांमधून जाते आणि दीर्घकालीन खाजेचे बहुतेक प्रकार याच दुसऱ्या वाटेनं जातात: इसबाची, मूत्रपिंडाची, यकृताची. पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक लागला म्हणून मध्य रेल्वेच्या गाड्या थांबत नाहीत, तसं आहे हे. मावशीनं अ‍ॅव्हिल पुष्कळ घेतली. तिला गुंगी यायची, आणि त्या गुंगीतही ती खाजवत असायची.

शेवटी ती त्वचारोगाच्या ओपीडीत गेली. मी सोबत होते. लांबच लांब रांग, बाकावर खेटून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत वापरून संपलेल्या ट्यूबा. तपासणारी डॉक्टर तरुण होती, बहुधा शिकत असलेली. तिनं पाठ पाहिली, हात पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग विचारलं, "काकू, रात्री झोप लागते का? शून्य म्हणजे अजिबात खाज नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारी. काल रात्री किती होती?" मावशी म्हणाली, "नऊ." आणि रडायला लागली. खाजेला कुणी आकडा विचारतं, हेच तिला नवीन होतं. वेदनेला वैद्यकानं असे आकडे केव्हाच दिले आहेत. खाजेसाठीही हीच मोजपट्टी आता जगभर वापरतात. चारच्या वर गेली की मध्यम, सातच्या वर तीव्र, असा ढोबळ हिशेब.

मूत्रपिंड गेलं की खाज का येते, याचं एक उत्तर नाही. रक्तात साठणारी द्रव्यं, वाढलेलं फॉस्फरस, कोरडीठाक पडलेली त्वचा, शरीरभर धुमसणारा दाह, मधुमेहानं बिघडलेल्या नसा, हे सगळे त्यात आहेत. पण मला सगळ्यात विलक्षण वाटली ती अफूच्या कुळातल्या ग्राहकांची गोष्ट. आपलं शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं. त्यांचे म्यू नावाचे ग्राहक खाज वाढवतात आणि कप्पा नावाचे ती दाबतात. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात मॉर्फिन दिलेल्या बाईचं नाक आणि चेहरा खाजू लागतो, हे भूलतज्ज्ञ रोज पाहतात. मॉर्फिन म्यूवर काम करतं. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये या दोघांचा तोल म्यूच्या बाजूला झुकलेला असतो, असा अंदाज आहे. त्यातूनच औषधं निघाली. जपानमध्ये नाल्फ्युराफिन २००९ मध्ये वापरात आलं आणि अमेरिकेनं २०२१ मध्ये डायफेलिकेफालिनला मान्यता दिली. दोन्ही कप्पा ग्राहकाला जागं करतात. दुसरं तर मेंदूत फारसं शिरत नाही, डायलिसिस संपताना नळीतूनच देता येतं. गेल्या काही वर्षांत केवळ खाजेसाठी म्हणून औषध तयार व्हायला लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

मावशीच्या चिठ्ठीत मात्र ही औषधं नव्हती. तिच्या डॉक्टरांनी आधी डायलिसिस पुरेसं होतंय का ते तपासलं, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड या संप्रेरकाचे आकडे पाहिले, दिवसातून दोनदा मलम लावायला सांगितलं. मग गॅबापेंटिन, अगदी कमी, तेही डायलिसिसनंतर. हे मुळात फिटचं आणि नसांच्या दुखण्याचं औषध. चाळवलेल्या नसांना ते शांत करतं. मूत्रपिंडातूनच ते बाहेर पडतं, म्हणून अशा रुग्णांमध्ये जपून द्यावं लागतं. थोडं जास्त झालं तरी झापड येते, तोल जातो, माणूस न्हाणीघरात पडतो. शेजारच्याला लागू पडलं म्हणून आपणही घ्यायचं, असं हे औषध अजिबात नाही.

यकृताच्या खाजेची चाल निराळी. तळहात आणि तळपाय, तेही संध्याकाळनंतर जास्त. पित्त वाहायचं थांबलं की पित्ताम्लं रक्तात चढतात, शिवाय ऑटोटॅक्सिन नावाचं एक विकर वाढतं आणि त्यातून नसांना चाळवणारं द्रव्य तयार होतं. इथे एक जुनं औषध कामी येतं ते वाचून मी थांबलेच: रिफाम्पिसिन. मुंबईत ते प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे, टीबीचं म्हणून. यकृतावर लक्ष ठेवून तेच या खाजेवर देतात.

याच संदर्भात गरोदर बायकांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजायला लागले, पुरळ नाही, की घरातल्या बायका म्हणतात, पोट ताणलंय, बाळाला जावळ आलंय. अनेकदा काळजीचं काही नसतंही. पण कधी कधी ते गरोदरपणातलं पित्त साठणं असतं आणि रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करावीच लागते. लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त असेल तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, हे २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. डोहाळजेवणाच्या गर्दीत कुणी तळवे घासताना दिसली तर तिला दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे पाठवा. जावळाची गोष्ट नंतर सांगता येईल.

आणखीही कारणं आहेत. लोह कमी असणं, थायरॉइड, आंघोळीनंतर सुटणारी खाज जी तांबड्या पेशी बेसुमार वाढल्याची खूण असू शकते, क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोग. पाठीच्या एकाच जागी, खांद्याच्या हाडाजवळ वर्षानुवर्षं खाजत असेल तर मणक्यापाशी नस चेपलेली असू शकते. टिकलीच्या मागचा गोंद, खोट्या दागिन्यांतलं निकेल, कलपातलं पीपीडी नावाचं रसायन. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसानं खूण करायचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमका त्या खुणेखाली दाह उठायचा. १९४३ मध्ये डॉक्टरांनी त्याची नोंद केली. त्या सैनिकांच्या बाबतीत कारण कपड्यावर लिहिलेलंच होतं. इतकं सोपं सहसा नसतं.

आता "खाजवू नकोस" या हुकमाबद्दल.

खाजवल्यावर बरं वाटतं, कारण खाजवणं म्हणजे स्वतःला दिलेली थोडी वेदना. ती मज्जारज्जूतल्या काही पेशींना जागं करते आणि त्या पेशी खाजेचा संदेश काही वेळ अडवतात. मेंदूतली सुख देणारी केंद्रंही उजळतात. पण वेदना झाली म्हणून मेंदू तिला शमवायला सेरोटोनिन खाली पाठवतो, आणि उंदरांवरच्या २०१४ च्या प्रयोगात दिसलं की तेच सेरोटोनिन मज्जारज्जूतल्या खाजेच्या पेशींना आणखी जोर देतं. म्हणून सुटका दोन मिनिटांची, आणि मागाहून येणारी खाज दुप्पट. २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही उंदरांच्या गळ्यात, कुत्र्यांना घालतात तशी शंकूसारखी पट्टी घातली होती. ज्यांना खाजवता आलं नाही त्यांच्या कानाची सूज कमी राहिली. खाजवणाऱ्यांमध्ये वेदनेच्या नसांमधून सुटलेल्या द्रव्यानं मास्ट पेशी आणखी भडकल्या. मात्र त्याच अभ्यासात असंही दिसलं की खाजवल्यामुळे त्वचेवरचे काही जंतू कमी होतात. उत्क्रांतीनं ही सवय इतक्या प्राण्यांमध्ये उगाच ठेवलेली नाही.

म्हणजे खाजवल्यानं नुकसान होतं हे खरंच आहे. ज्यांची खाज वर्षानुवर्षं चालते त्यांच्या हातापायांवर खाजवून खाजवून कठीण गाठी येतात, आणि मग त्या गाठीच खाजतात. तरीही झोपेतल्या माणसाला, सात-आठ आकड्यांच्या खाजेतल्या माणसाला, "नकोस" म्हणून थांबवता येत नाही. ज्या मज्जारज्जूत हा व्यवहार चालतो तिथे आपला उपदेश पोचत नाही. त्याच्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. नखं कापणं, गार ओला कपडा, मेन्थॉल असलेलं लोशन. मेन्थॉल गारव्याच्या नसा जाग्या करतं आणि त्या खाजेला दाबतात, म्हणून ते काम करतं. रात्री मावशीच्या पाठीवर ओला पंचा ठेवला की तिला तासभर तरी डोळा लागायचा.

रात्रच का, हे तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. रात्री शरीरातलं कॉर्टिसोल तळाला जातं, त्यामुळे दाहाला आवर राहत नाही. त्वचेचं तापमान वाढतं, तिच्यातून पाणी जास्त उडतं. दिवसा लक्ष दहा ठिकाणी असतं, रात्री एकाच ठिकाणी. त्यात मे महिन्यातली मुंबई, दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, गरम हवाच फिरवणारा पंखा. घाम खाज वाढवतो. थंड खोली हा खाजेवरचा उपचारच आहे, आणि तो या शहरात किती जणांना परवडतो हे सांगायला नको.

मुंबईची स्वतःची म्हणून जी खाज आहे ती मात्र वेगळी, आणि तिच्याबद्दल मला राग आहे. नायटा. ओपीडीतल्या त्या बाकावर अर्ध्याहून जास्त माणसं तीच घेऊन बसली होती असं मला वाटलं. जून ते सप्टेंबर न वाळणारे कपडे, ओल्या अंतर्वस्त्रावर चढवलेली जीन्स, लोकलमध्ये अंगाला अंग, एका दोरीवर सगळ्यांचे टॉवेल. बुरशीला याहून काय हवं? पण नायटा पूर्वीही होता आणि महिनाभरात बरा व्हायचा. आता तो वर्षवर्षभर जात नाही. याचं एक मोठं कारण नाक्यावरच्या दुकानात मिळणारी ट्यूब आहे: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश होतो. खाली बुरशी मात्र निवांत पसरत राहते, कारण तिला विरोध करणारा दाहच आपण दाबून टाकलेला असतो. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते, पुन्हा ट्यूब. जांघेत कातडी पातळ होऊन पांढरट-तांबडे चर पडतात, ते जन्मभर जात नाहीत. एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलानं त्या दिवशी डॉक्टरला असे चर दाखवले आणि विचारलं, "हे पण जाईल ना?" डॉक्टर काही वेळ बोललीच नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं. ट्यूबा अजून मिळतात. दरम्यान बुरशीही बदलली. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला दाद न देणारी एक जात इथे फोफावली, तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. त्या नावात आपल्या देशाचा उल्लेख आहे, आणि २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रुग्णांमध्येही सापडली. उपचार आहेत. इट्राकोनॅझोल बहुधा लागू पडतं, पण पुरेसे आठवडे घ्यावं लागतं, आणि घरातल्या ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांनी. खाज थांबली म्हणजे नायटा गेला असं होत नाही.

खरजेचंही तसंच. तो किडा बोनोमो या इटालियन वैद्यानं १६८७ मध्येच भिंगाखाली पाहून लिहून ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घेतलं ते २०१७ मध्ये. परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या प्रत्येकानं, एकाच रात्री, आणि आठवड्यानं पुन्हा. एक जरी सुटला तरी सगळं परत. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, तेव्हा औषध लागू पडलं नाही म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा फासू नये. आणि खरूज अस्वच्छतेची नाही, दाटीची आहे. ज्या घरात सगळे एका चटईवर झोपतात तिथे ती फिरते. "स्वच्छ राहत जा" असं त्या घराला सांगणं मला क्रूर वाटतं.

मावशीच्या मजल्यावर एक लहान मुलगा आहे, त्याला इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळग्यांत सतत ओरखडे. त्याच्या आईला सगळे सांगतात, वांगं देऊ नकोस, दही देऊ नकोस. ती बाई पोराला अर्धपोटी ठेवायला लागली होती. इसबाची सुरुवात बहुतेकदा त्वचेच्या पडद्यापासून होते. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की तो पडदा गळका होतो, हे २००६ मध्ये कळलं. गळक्या पडद्यातून पाणी बाहेर जातं आणि जंतू आत येतात. त्यातल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं एक विकर नसांना थेट खाज आणायला लावतं, हे २०२३ मध्ये दाखवलं गेलं. वरून प्रतिकारपेशींची रसायनं: इंटरल्युकिन ४, १३ आणि ३१. ही तिन्ही खाजेच्या नसांशी थेट बोलतात. ४ आणि १३ ला अडवणारं डुपिलुमॅब २०१७ मध्ये आलं आणि ज्यांनी आयुष्य खाजवण्यात घालवलं होतं त्यांना झोप मिळाली. ३१ चा ग्राहक अडवणाऱ्या नेमोलिझुमॅबला अमेरिकेत २०२४ मध्ये त्या कठीण गाठींसाठी मान्यता मिळाली. पेशीच्या आतला संदेश रोखणाऱ्या जॅक इनहिबिटर गोळ्या आहेत, त्यातल्या काही भारतीय कंपन्याही बनवतात, म्हणून तुलनेनं स्वस्त. त्या सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवी, आणि मुंबईत तर ती टाळून चालणारच नाही. इंजेक्शनांची किंमत अजून चाळीतल्या घराच्या आवाक्याबाहेर आहे.

पण त्या मुलाला आज इंजेक्शनाची गरजही नव्हती. त्याला हवं होतं ते साधं: कोमट पाणी, पाच मिनिटांची आंघोळ, कमी फेसाचा सौम्य साबण, आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मलम. पाण्यात जंतुनाशक ओतणं बंद. भडकलं की डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, ठरवून दिलेल्या दिवसांपुरतं स्टेरॉइड. होय, तेच स्टेरॉइड. योग्य हातात ते फार चांगलं औषध आहे आणि त्याच्या धास्तीनं पोराला खाजत ठेवणंही चूकच. महाग मलम परवडत नसेल तर पेट्रोलियम जेली चालते. आजीच्या खोबरेल तेलालाही हसू नये. २००८ च्या एका छोट्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेलानं इसबाच्या त्वचेवरचे ते जंतू ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त कमी केले होते. त्या बाईला मी दही-वांगं परत सुरू करायला डॉक्टरांना विचारायला लावलं. पोरगं आता जेवतं.

मावशीचा आकडा सध्या तीन-चारच्या घरात असतो. तिनं डायलिसिसच्या वहीतच शेवटचं पान त्यासाठी ठेवलंय, शाळेच्या हजेरीपटासारख्या ओळी आखून: तारीख, आकडा, झोप. शेजारच्या खुर्चीवरच्या एका गृहस्थांना तिनं ते दाखवलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांचीही पाठ रात्रभर खाजते. तिनं नर्सला तिथल्या तिथे हाक मारून त्यांचा आकडा लिहून घ्यायला लावला. सात. तिच्यासाठी डॉक्टरांचा पुढचा विचार यूव्हीबी या अतिनील किरणांच्या उपचाराचा आहे, त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागेल, आणि ती ओपीडी सकाळची. डायलिसिस मंगळ, गुरू, शनी. सोमवार-बुधवार-शुक्रवार जमेल का, हे विचारायला मी उद्या जाणार आहे.